आईनं घासलेला दगड

मोरी घासताना ओल्या शेवाळाचा वास आला आणि माझं डोकं पुन्हा तडकलं.

कॉलेजात असताना चंद्रपूरजवळच्या नाल्यातून मी पाटीसारखा एक दगड सिरोंच्याला घरी आणला होता. त्यावर कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शेवाळाची काळी, केसांसारखी बारीक छाप होती. भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत तोच दाखवायचा होता. रात्री अंगणात ठेवला; सकाळी पाहते तर दगड लख्ख!

"काऊन वरडून राह्यली? शेवाळ होतं त्याले, राखेनं घासून काढलं," आई म्हणाली. "तुहे बाबा घाटावर असेच घसरले, अजून लंगडते ना!"

इतकी युगं टिकलेलं शेवाळ आईच्या काथ्यापुढे एक सकाळ टिकलं नाही.

आज थकलेली आई माझ्याकडे राहायला येतेय. मी चरफडत मोरी घासतेय, शेवाळाचा ठिपकाही न सोडता.