बिनदुधाचा पास्ता

माझी बायको अमरावतीच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होती. दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. गोष्ट तिच्या निरोपाच्या कार्यक्रमापासून सुरू होते.

कार्यक्रम दवाखान्याच्याच हॉलमध्ये होता. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मी नवा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो होतो. मी बसगाड्यांच्या वर्कशॉपात मेकॅनिक होतो, आणि तिच्याआधी तीन वर्षं रिटायर होऊन घरी बसलेलो. एवढ्या लोकांपुढे बसायची सवय नाही. हात मांडीवर ठेवावेत की घडी घालून, तेही समजेना.

भाषणं संपल्यावर एका तरुण सिस्टरने माईक हातात घेतला आणि थेट माझ्यापुढे आली.

"भाऊजी, एकच प्रश्न. आमच्या ताईले खायाले सगळ्यात जास्त काय आवडते?"

मी क्षणाचाही विचार केला नाही. "पिठलं-भाकर!"

टाळ्या पडल्या. बायको माईककडे जराशी वाकली आणि म्हणाली, "ते याईले आवडते."

सगळा हॉल हसला. मीही हसलो. त्या पोरीने मग तिलाच विचारलं, "मंग तुमाले काय आवडते, ताई?"

ती थांबली. कुठल्या पेशंटला कधी काय द्यायचं, कुठल्या डॉक्टरला चहात साखर चालत नाही, काहीही विचारा, तिच्याकडे उत्तर तयार असायचं. इथे मात्र ती पंख्याकडे बघत राहिली. "तसं काई नाई," ती शेवटी म्हणाली. "सगळंच चालते."

पोरगी पुढच्या कार्यक्रमाकडे वळली. माझं हसू मात्र तिथेच अडकलं. बत्तीस वर्षं एकत्र जेवलेल्या माणसाला हे सांगता येऊ नये, आणि तिलाही ते आठवू नये, हे काही बरं नव्हतं.

परतताना अकोल्याची बस मिळाली; मी रिटायर झाल्यावर आम्ही अमरावती सोडून तिथे घर केलं होतं आणि ती ड्यूटीला ये-जा करायची. भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ माझ्या मांडीवर, हारांची पिशवी तिच्या पायाशी. बडनेरा मागे पडलं तसं मी विचारलं, "खरंच काई आवडत नाई तुले?"

"काहून विचारून राहिले? हसले लोक म्हनून?"

"नाई. मले मालूम नाई म्हनून."

तिने हारांची पिशवी पायाने सीटखाली सरकवली. मग म्हणाली, "एकदा नागपूरले ट्रेनिंग होतं. तिथं हॉटेलात जेवन होतं आमचं. पास्ता होता. नळ्या असतात न, आखूड आखूड, त्या. पांढऱ्या रश्श्यात, मशरूम घातलेला. म्या दोनदा घेतला."

"मंग?"

"मंग काय! रात्रभर पोट धरून बसली. दूध, लोनी, सगळं होतं त्यात."

चाळिशीनंतर तिला दूध सोसत नाही. घरात तिचा चहा काळा, माझा दुधाचा, आणि दोन्ही तीच करायची.

"मंग घरी कधी केला काहून नाई? बिनदुधाचा?"

"कोनासाठी?" ती म्हणाली.

त्यात राग नव्हता. तिला खरंच तसं वाटत होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरात मी एकटा, आणि मी पिठलं-भाकरवाला. स्वतःपुरतं काही शिजवायचं असतं हे तिच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात ती चार दिवस भावाकडे परतवाड्याला गेली. आपण करून बघू, असं मी ठरवलं. मला तोवर चहा आणि फार तर अंडं उकडता येत होतं. जठारपेठेत आमच्या घरापासून चार पावलांवर मोठं किराणा दुकान आहे. तिथे नळ्यांचा पास्ता मिळाला, फ्रिजमध्ये मशरूमचा डबाही होता. लहानपणी पाऊस पडून गेला की उकिरड्याकडेला अशा छत्र्या उगवायच्या आणि आई लांबूनच ओरडायची, "हात लावू नको रे!" तो डबा हातात घेताना मी एकदा आजूबाजूला बघून घेतलं.

दुधाऐवजी काय घालावं ते कळेना, म्हणून मी नारळाचं दूध घातलं. मशरूम पालक धुतात तसे पातेलंभर पाण्यात बुडवून ठेवले. जे तयार झालं ते गोडसर, पांढरं आणि पाणचट होतं. मशरूम रबरासारखे झाले होते. शेजारच्या घरातली मुलगी गेटपाशी उभी होती. ती पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम घरून करते, आणि दूध, दही, तूप काहीच खात नाही. तिची आई याबद्दल साऱ्या गल्लीत तक्रार करत असते. मी वाटी घेऊन तिच्याकडे गेलो.

तिने एक घास खाल्ला, आणि फार चांगल्या मनाची असल्यामुळे तो गिळलाही.

"काका, हे काकूंसाठी आहे?"

"हो. पन तिले सांगू नको."

"मी येऊन करून देऊ का?"

"नको. तू दारात उभी राहून सांग. हात माझेच पाह्यजेत."

दुसऱ्या दिवशी ती खरंच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, हातात तिचा मोबाईल आणि कामाचा फोन आला की "एक मिनिट हं काका" म्हणत. तिने सांगितलं की काजू गरम पाण्यात अर्धा तास भिजवायचे आणि थोडं पाणी घालून अगदी गंधासारखे गुळगुळीत होईस्तोवर मिक्सरमधून काढायचे. मशरूम भिजवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे. पास्ता उकळताना एक नळी चावून बघायची, मध्ये किंचित टणक लागली की काढायच्या. आणि ते उकळलेलं पाणी ओतून टाकायचं नाही, एक वाटी बाजूला ठेवायचं.

"मशरूम झाले हे कसं समजते?" मी विचारलं.

"आधी खूप पाणी सोडतात. ते आटू द्यायचं. मग... कसं सांगू, बघूनच कळतं."

मला बघून कळलं नाही, ऐकून कळलं. आधी कढईत नुसतं खदखदत होतं. मग एकदम आवाज कोरडा झाला, चर्र. चाळीस वर्षं मी इंजिनं आवाजावरून ओळखली होती. मी गॅस बारीक केला. मुलगी डोकावली आणि म्हणाली, "बरोब्बर!" एवढा आनंद मला कधी प्रमोशनचा झाला नव्हता.

बायको परत आली. पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं, "आज तू सयपाकघरात यायचं नाई."

ती तीनदा आली. एकदा पाणी प्यायला, एकदा "गॅस चालू राह्यला का" बघायला, एकदा काहीच कारण न सांगता.

"तुमी करून काय राहिले?"

"बस न तू बाहेर."

"बसताच येत नाई मले," ती म्हणाली, आणि हे मात्र अगदी खरं होतं.

साडेबाराच्या सुमारास सगळं झालं. लसूण आणि कांदा तेलात परतला होता, मशरूम तांबूस झाले होते, काजूचं वाटण घातल्यावर रस्सा दाट पांढरा झाला होता. वरून मिरपूड. मी ताटं मांडत होतो तेवढ्यात गल्लीतून कोणी ओरडलं, "सिस्टर! सिस्टर!"

चार घरं सोडून राहणाऱ्या म्हाताऱ्या बाई न्हाणीघरात घसरून पडल्या होत्या. बायकोने चपला घातल्या आणि गेली. फोनही घरीच राहिला. थोड्या वेळाने त्यांच्या दारासमोरून ऑटो निघाला, त्यात म्हातारीला धरून ती बसलेली दिसली. तिने माझ्याकडे बघून नुसता हात हलवला.

मी घरात आलो. एक वाजला, दीड वाजला. भूक सणसणून लागली होती. एकदा झाकण काढलं, वास घेतला, परत ठेवलं. थोडं खाऊन घ्यावं, तिचं ठेवावं झाकून, असंही मनात आलं. पण ते तिला आधी वाढायचं होतं.

आणि मग मला आमची अमरावतीतली जुनी दुपार आठवली. कुठलीशी बस तिवशाच्या रस्त्यावर बंद पडलेली असायची, आम्हाला तिथे धाडलेलं असायचं. दुपारच्या जेवणाला म्हणून सांगून गेलेला मी चार वाजता यायचो. तिची रात्रीची ड्यूटी झालेली, डोळ्यांत झोप, पण दोघांची ताटं तशीच झाकून ठेवलेली. मी म्हणायचो, "तू जेवून घ्याचं न बाप्पा." आपण फार समजूतदार नवरा आहोत, असं मला ते म्हणताना वाटायचं. मग मी जेवायला बसायचो. ती कशी बसली असेल त्या चार वाजेपर्यंत, झाकण किती वेळा उघडून परत ठेवलं असेल, हे मी तिला कधी विचारलं नाही. त्या रविवारी ते मला पोटातून समजलं. मी खुर्चीत बसून राहिलो आणि मला फार लाज वाटली. लाजेच्या मागोमाग आणखी काहीतरी आलं, त्याला उपकाराची जाणीव म्हणता येईल.

ती तीनला आली. म्हातारीचं कमरेचं हाड मोडलं होतं, दवाखान्यात भरती केलं होतं. त्यांचा मुलगा पोहोचल्यावरच ती निघाली. साडीवर पाण्याचे डाग, केस सुटलेले.

"जेवले तुमी?" तिने विचारलं.

"नाई."

"काहून?"

"तुयी वाट पाहून राहिलो होतो."

ती दारातच उभी राहिली. हातपाय धुऊन आली तोवर मी कढई गॅसवर ठेवली. रस्सा आळून गोळा झाला होता. मी बाजूला ठेवलेलं ते पाणी थोडं थोडं घातलं आणि तो पुन्हा सैल झाला. ताट तिच्यापुढे ठेवलं, मग माझं वाढून घेतलं.

तिने दोन घास चमच्याने खाल्ले, मग चमचा बाजूला ठेवला आणि हाताने खायला लागली.

"दूध नाई यात?"

"काजू आहे. शेजारच्या पोरीनं शिकवलं."

"मिरे जरा जास्त पडले," ती म्हणाली आणि खात राहिली. ताट अर्धं झाल्यावर म्हणाली, "त्या ट्रेनिंगले न, पास्ता चांगला होताच. पन तिथं वाढनारा येऊन विचारे, मॅडम, अजून काय पाह्यजे? मले उठा लागत नव्हतं. मले वाटे, हे जेवन संपूच नये."

मी कढईतलं आणखी थोडं तिच्या ताटात वाढलं. तिने नको म्हटलं नाही.

संध्याकाळी एक डबा भरून मी शेजारी दिला. मुलीने तिथेच उघडून खाल्ला आणि आईलाही एक घास भरवला. आई म्हणाली, "याच्यात तूप नाई? मंग बरं कसं लागून राहिलं?" त्या घरात त्यानंतर तक्रारी कमी झाल्या म्हणतात. म्हाताऱ्या बाईंचं ऑपरेशन नीट झालं, आता वॉकर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत येतात.

मी त्या माईकवाल्या पोरीचे आभार मानायला हवेत. तिने गंमत म्हणून विचारलं, पण तिने विचारलं नसतं तर मी तसाच बसून जेवत राहिलो असतो आणि स्वतःला चांगला माणूस समजत राहिलो असतो. शेजारच्या मुलीचे मानले आहेत, तोंडाने. बायकोचे आभार तोंडाने मानता येत नाहीत, आमच्या पिढीला ते जमत नाही. म्हणून मी आता रविवारी स्वयंपाक करतो. वरण जमतं, वांग्याची भाजी जमते. भाकरी अजून फाटते.

गेल्या महिन्यात ती जुन्या सिस्टर मैत्रिणींबरोबर तीन दिवस चिखलदऱ्याला गेली. लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याशिवाय फिरायला. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"जेवले काय?"

"जेवलो."

"काय केलं?"

"वरन-भात. वांगं."

"बरं," ती म्हणाली, आणि पुढे काहीच न विचारता तिथल्या धुक्याबद्दल सांगायला लागली. खाली दरी असते, पण दिसत नाही म्हणे, नुसतं पांढरं. मैत्रिणी मागून हाका मारत होत्या, तरी ती बराच वेळ सांगत होती, आणि मी फोन कानाला धरून ऐकत होतो.