विहिरीचा सीन

"लुगडं सोडा. त्या बाईंना द्यायचंय."

प्रॉडक्शन मॅनेजर हे बोलला तेव्हा मी विहिरीपासून दहा पावलांवर उभी होते. तोंडाला रंग लावून झालेला. काखेत कळशी. सकाळपासून एकच वाक्य घोकत होते.

"का?"

"मला विचारू नका. शाळेच्या खोलीत जाऊन बदला."

शाळेच्या खोलीत पुण्याची एक मुलगी खुर्चीवर बसली होती. गोरीपान. मेकअपवाला तिच्या तोंडाला, मानेला, दंडांना काळा रंग फासत होता. मला बघून ती म्हणाली, "माझी काही चूक नाही हं." मी लुगडं सोडलं. त्याला अजून माझ्या अंगाची ऊब होती. तिनं ते दोन बोटांनी उचललं.

मी कोण, ते सांगते. पिंपरीत औषधाच्या कंपनीत बाटल्यांवर लेबलं चिकटवायची. बाप बीडकडून कंपनीच्या बांधकामावर आला आणि इथंच राहिला. रुळाच्या कडेला वस्ती, वस्तीत आमचं पत्र्याचं घर. जयंतीला जलसा व्हायचा, त्यात मी लहानपणापासून उभी राहायची. पुढं कामगारांच्या नाटकात. मग सिनेमावाल्यांचं बोलावणं यायला लागलं. गर्दीतली बाई. मोलकरीण. मयताला रडणारी बाई. चार सिनेमांत होते. चारीत मुकी. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्या दिवशी शूटिंग असलं तर ठीक, नाहीतर खाडा.

हा सिनेमा वेगळा, असं दिग्दर्शक म्हणायचे. जातपात मोडणाऱ्या एका मास्तराची गोष्ट. शेवटी आमच्यातली एक बाई गावच्या विहिरीवर चढते, आपल्या हातानं पाणी शेंदते, पिते आणि गावाला म्हणते, "पाणी कुणाच्या बापाचं नाही." ते वाक्य माझं होतं. सिनेमात बोलायचं पहिलं वाक्य. नाटकात मला बघून त्यांनी काम दिलं होतं. म्हणाले होते, "हे तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. तुमच्या रक्तातच आहे ते." तेव्हा मला बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याची आता लाज वाटते.

मी माझं पातळ नेसून त्यांच्यासमोर गेले. ते छत्रीखाली बसले होते. शेजारी गावचे सरपंच चहा पीत होते. गाव चाकणच्या पुढचं. नाव सांगत नाही, कारण अशी गावं एक-दोन नव्हती.

"सर, माझं काम काढलंत?"

"हे बघा बाई, विहीर खरी आहे. गावकऱ्यांची अडचण आहे. मला हे पटतं असं नाही. पण विहीर हातची गेली तर सिनेमाच राहून जाईल. शेवटी तुमच्याच समाजासाठी चाललंय ना हे?"

सरपंच बशीतला चहा संपवून म्हणाले, "सिनेमातली म्हारीण आमाला चालंल. खरी न्हाई चालायची." चिडून नाही. बैलाचा भाव सांगावा तसं.

दिग्दर्शक म्हणाले, "तुम्ही गर्दीत बसा. ती पाणी प्यायली की टाळ्या वाजवायच्या."

गर्दी म्हणजे त्याच गावच्या बौद्धवाड्यातली माणसं. विहिरीपासून लांब दोरी बांधून त्यांना उन्हात बसवलं होतं. पुढं सखूआजी. सकाळी तिनंच मला तांब्याभर पाणी दिलं होतं. ओढ्यातल्या झिऱ्याचं, गढूळ.

"तुला काढली व्हय?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं झालं. तू मोटारीत बसून जाशील. आमाला हितंच ऱ्हायचं हाय."

मी दोरीच्या आत तिच्या शेजारी बसले.

शॉट सुरू झाला. मुलगी विहिरीवर चढली. पण तिला पोहरा शेंदता येईना. दोर हातातून सुटायचा. पोहरा अर्ध्यात हिंदकळायचा, रिकामाच वर यायचा. तीनदा झालं. दिग्दर्शक वैतागले. मग त्यांना मी दिसले.

"बाई, जरा तिला दाखवा कसं शेंदतात ते. तिथूनच. नुसते हात करून दाखवा."

माझे हात उठलेही. सवय. हवेत, रिकामे. बौद्धवाड्यातली सगळी माणसं माझ्या त्या हातांकडं बघत होती. मी हात खाली घेतले.

मी दोरी ओलांडली. चालत गेले. कुणी अडवलं नाही, सगळ्यांना वाटलं मी समजवायला चाललेय. पायऱ्या चढले. मुलीच्या हातातला दोर घेतला. पोहरा सोडला, बुडू दिला, भरून वर घेतला. ओंजळीनं प्यायले. थंड होतं. जरा मचूळ.

कॅमेरा बंद होता. ते वाक्य मी बोलले नाही. दुसऱ्यानं लिहिलेलं होतं. मी दिग्दर्शकांकडं बघून म्हणाले, "दाखवलं."

मग सगळा कल्ला. सरपंचाचा पुतण्या काठी घेऊन धावला. दोघे लाइटवाले मध्ये पडले म्हणून मी वाचले. दिग्दर्शक ओरडले, "माझा सिनेमा घालवलात तुम्ही." मॅनेजर म्हणाला, गाडीत बसा. मी बसले नाही. चाकणपर्यंत चालत गेले.

चार दिवसांनी बौद्धवाड्यातला एक जण वस्तीत आला. गावानं त्यांना शेतावरचं काम बंद केलं होतं. गिरणीवाला दळण घेत नव्हता. सखूआजीचा निरोप होता, "तू प्यालीस. भोगतोय आमी."

बाप म्हणाला, "जाऊन माफी माग."

पुढच्या गुरुवारी मी गेले. वस्तीतल्या अकरा बाया बरोबर. डोक्यावर पिठाचे डबे. आधी तहसील कचेरीत अर्ज दिला, मग गावात. डबे सखूआजीच्या दारात उतरवले. ती माझ्याशी बोलेना.

"आजी, माफी मागायला आले नाही. कळश्या आणल्यात."

"मार पडंल."

"पडू दे."

"तू पुन्यांदा निघून जाशील."

"जाईन. पुढच्या गुरुवारी परत येईन."

ती आली नाही. दारात उभी राहून बघत राहिली. आम्ही बारा जणी गेलो. पाणी शेंदलं. मार पडला. माझं डावं मनगट मोडलं.

महिन्याभरानं मॅनेजर कंपनीच्या गेटवर आला. पुण्यात स्टुडिओत प्लास्टरची विहीर उभी केली होती. म्हणाला, "आता काही अडचण नाही. सीन तुम्हीच करा. वाक्यसुद्धा तुमचंच."

मी म्हणाले, "सांगा त्यांना, मी येणार नाही. मला खऱ्या विहिरीवर जायचंय."

डावा हात गळ्यात होता. उजवा मोकळा होता. दुसऱ्या दिवशी गुरुवार. सकाळी कळशी घेतली आणि चाकणची एसटी धरली.