भोजनगृहातली द्रौपदी

माझं लग्न झालं तेव्हा मी परकर नेसत होते, आणि विधवा झाले तेव्हाही परकरच नेसत होते. सासर गुलबर्ग्याकडं, कडगंचीच्या बाजूचं. नवऱ्याला बघितलं ते अंतरपाट दूर झाल्यावर, तेवढंच. नांदायला जायच्या आधीच तिकडं प्लेग आला नि त्यात नवरा गेला. कमलनगरजवळच्या आमच्या गावात निरोप पोचला त्या दिवशी गल्लीतल्या बायकांनी माझ्या बांगड्या फोडल्या, कपाळ पुसलं. मी रडले ती बांगड्यांसाठी. नव्या होत्या, हिरव्या, त्यांचा किणकिण आवाज अजून जुना झाला नव्हता.

मला एकच भाऊ. माझ्याहून थोरला, मी त्याला अण्णा म्हणायची. घरात माझ्याशी पहिल्यासारखं बोलणारा तो एकटाच उरला. माय माझ्याकडं बघितलं की डोळ्याला पदर लावायची. अप्पा, म्हणजे आमचे वडील, बघतच नसत. ते वाईट नव्हते. शेतातून आले की माझ्यासाठी हुरडा, बोरं, काही ना काही धोतराच्या सोग्यात बांधून आणत, पण मायच्या हातात देत. अण्णा मात्र येता-जाता माझी वेणी ओढायचा. त्यानंच मला मोडी नि बाळबोध अक्षरं शिकवली, कोळशानं, चुलीमागच्या भिंतीवर. अक्षराशेजारी तो चित्र काढायचा. ब म्हणजे आमचा बैल, एका शिंगाचा. म म्हणजे माय, फुंकणीनं चूल फुंकणारी. शेजारपाजारची माणसं बघायला येत. अप्पा म्हणत, "भिंती काळ्या करून कुणाचं पोट भरायलंय?" त्यांना पोरगा तहसीलीत बसलेला बघायचा होता. म्हणून त्यांनी त्याला बिदरला उर्दू शिकवलं आणि पुढं गुलबर्ग्याला कॉलेजात घातलं.

लढाईचे दिवस होते. ज्वारी मोजून मिळायची. कॉलेजच्या बोर्डिंगातली पोरं पातळ वरणावर अर्धपोटी उठत, असं अण्णा सांगायचा. तिथले प्रिन्सिपल हैदराबादचे, उंच, शेरवानी घालणारे मुसलमान गृहस्थ. त्यांनी अण्णाच्या वहीत मास्तरांची चित्रं पकडली. शिक्षा होणार म्हणून हा मान खाली घालून उभा, तर ते हसून म्हणाले, "मियां, कागज क्यों खराब करते हो? खाने के हॉल में इतनी बड़ी दीवार खाली पड़ी है." हिंदू मुलांच्या भोजनगृहाची ती भिंत. काय काढावं, हे त्यांनी अण्णावरच सोपवलं. अण्णानं त्यांना द्रौपदीच्या थाळीची गोष्ट सांगितली. वनवासात दुर्वास ऋषी शिष्यांची पलटण घेऊन दारात येतात, द्रौपदीचं जेवण होऊन थाळी घासून पालथी पडलेली असते, आणि कृष्ण त्या थाळीला चिकटलेलं भाजीचं एक पान तोंडात टाकतो. तेवढ्यानं नदीवर आंघोळीला गेलेल्या सगळ्या ऋषींची पोटं भरतात. प्रिन्सिपल म्हणाले, "यही बनाओ. इन बच्चों को इसी की ज़रूरत है."

दिवाळीच्या सुट्टीत अण्णा घरी आला तो कागदांची गुंडाळी घेऊनच. दुपारी सगळे निजले की मला माळवदावर न्यायचा. हातात जेवायची पितळी देऊन उभं करायचा नि कोळशानं भराभरा रेघा मारायचा. मान वर, मान खाली, हात पुढं.

"अण्णा, हात भरून आला रे."

"थांब गं जरा. द्रौपदी अशी कुरकुरायची व्हय?"

"तिला काय? थाळी धरायला पाच नवरे व्हते."

बोलून गेले आणि माझं मलाच हसू फुटलं. अण्णाही खो खो हसला. मग मला एकदम भान आलं, मी तोंडावर हात दाबला. खाली कुणी ऐकलं तर काय म्हणतील. अण्णा हसायचा थांबला. माझ्याकडं बघत राहिला आणि नवा कागद घेतला.

तो परत गेला. भिंत रंगवायचं काम चालू आहे, पोरं जेवता जेवता मान वर करून बघतात, एवढं त्याच्या पत्रातून कळायचं. संक्रांतीच्या आसपास माझे चुलत सासरे आमच्या दारात आले. नातवाला त्याच बोर्डिंगात घालायला ते गुलबर्ग्याला गेले होते, तिथंच पंगतीला बसले होते. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांनी घेतला नाही. ओसरीवर उभ्या उभ्या अप्पांना म्हणाले, "तुमची लेक तिकडं कॉलेजात कुंकू लावून उभी हाय. हिरवी चोळी, हातभर चुडा. आमच्या घरची सून हाय ती. शे-दीडशे पोरं रोज बघायलीत."

अप्पांनी निरोप धाडून अण्णाला बोलावून घेतलं. तो आला त्या दिवशी मी दाराआड उभी होते. अप्पांनी आवाज चढवला नाही.

"कुंकू पूस त्या चित्राचं."

"न्हाई पुसायचो, अप्पा."

"कामून?"

"द्रौपदी हाय ती. तिचे नवरे जिते हायत."

"तोंड कुणाचं हाय?"

अण्णा म्हणाला, "तोंड तुमच्या लेकीचं हाय. तुम्ही एकदा या, बघा. बघून सांगा पूस म्हणून. मी पुसतो."

"मला बघायचं न्हाई. पुसल्याबिगर या घरात पाय ठेवू नकोस."

माय मधे पडली, रडली. मला कुणी काही विचारलं नाही. अण्णा पिशवी घेऊन निघाला तेव्हा मी मागच्या दारानं गोठ्याच्या कडेला त्याला गाठलं. "पूस की रे. माझ्यापायी कामून भांडायलास?"

"तुला बघायचं न्हाई का?"

"काय?"

"तू कशी दिसतीस ते," तो म्हणाला. "उन्हाळ्यात येतो नि तुला गुपचूप नेतो."

त्या उन्हाळ्यात बातमी आली ती अण्णाच्या तापाची. मुदतीचा ताप, दवाखान्यात घातलंय, लवकर या. कमलनगरला आगगाडी धरून बिदर, तिथून मोटारीनं हुमनाबादवरून गुलबर्गा. वाटेत अप्पा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पोरगं दमाचं हाय, तरंल." आम्ही पोचलो तेव्हा बोर्डिंगच्या फाटकाशी पोरं रांगेनं उभी होती. कुणी वर बघेना. त्यांच्या खाली घातलेल्या मानांवरूनच मायला कळलं आणि ती तिथंच मातीत बसली.

अण्णा व्हरांड्यात घोंगडीवर होता. पोरांनी भोवती कडुलिंबाचा पाला पसरला होता. केस बारीक कापलेले, गाल आत गेलेले. त्याच्या नखांत निळा रंग होता. आजारात कुणी तो काढला नव्हता. अप्पा त्याचा एक एक पाय हातात घेऊन बघत होते, लहान लेकराचे बघावेत तसे.

पुरुष मंडळी त्याला घेऊन गेली. आम्हा दोघींना कुठं बसवावं हे पोरांना समजेना. ऊन मी म्हणत होतं. त्यातल्या त्यात थंड जागा म्हणून त्यांनी भोजनगृह उघडून दिलं.

अशी मी त्या भिंतीसमोर गेले.

भिंत पुरी झाली नव्हती. नदीवरच्या ऋषींच्या नुसत्याच रेघा होत्या, पोटावरून हात फिरवणारे, ढेकर देणारे. कृष्ण मात्र झाला होता, बोटावर ते इवलं पान घेऊन. आणि मी झाले होते. मला वाटलं होतं द्रौपदी लाजेनं, काळजीनं उभी असेल, रिकामी थाळी पुढं करून. अण्णानं तिला हसताना काढलं होतं. मान किंचित मागं, ओठ उघडे, दात दिसतायत, हात तोंडाकडं जायला निघालाय पण पोचलेला नाही. कपाळावर ठसठशीत कुंकू. मी माझं हसू त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आमच्या घरात आरसा होता, पण मला दिसू नये म्हणून तो केव्हाच उचलून ठेवला होता.

माय भिंतीकडं बघत राहिली. मग उठली, भिंतीपाशी गेली आणि चित्रातल्या माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी तिच्या मागं उभी होते. मला वाटलं आता ती वळेल आणि मलाही जवळ घेईल. ती खाली बसली आणि अण्णाच्या नावानं हंबरडा फोडला.

मसणवटीतून माणसं परतली. अप्पा ओल्या धोतरानंच आत आले. त्यांच्यामागं प्रिन्सिपल. ते हळू आवाजात म्हणाले, "आप कहें तो इस पर चूना फिरवा देंगे." अप्पा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं चालत गेले, परत आले.

"हे समदं आमच्या पोरानं केलंय?"

"जी. अकेले ने."

अप्पा माझ्यासमोर येऊन थांबले. माझ्याकडं नाही, भिंतीकडं बघत म्हणाले, "अशी कव्हा हासलीस तू?"

माझा हात तोंडाकडं गेला.

चित्रावर चुना फिरवायला अप्पांनी मनाई केली, एवढं त्या दिवशी झालं. घरी त्यांनी विषय काढला नाही. चुलत सासरे पुन्हा एकदा भांडायला आले, तेव्हा अप्पा त्यांच्यादेखत ओसरीवरून उठून शेताकडं निघून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी मला बिदरला एका नातलगांकडं ठेवून शाळेत घातलं. थोराड मुलगी, लहान पोरींत बसून शिकले.

मग निजामाचं राज्य गेलं. त्या धामधुमीत जीव वाचवून आलेल्या लोकांना बोर्डिंगच्या भोजनगृहात उतरवलं होतं. पडत्या पावसात त्यांनी आतच चुली पेटवल्या. ती माणसं गेल्यावर काजळी धरलेल्या भिंतींना नव्या कारभाऱ्यांनी सरसकट चुना दिला. जुने प्रिन्सिपल तोवर तिथं नव्हते, सांगणारं कुणी नव्हतं. आमच्या गावचा एक जण तिथं शिकत होता, त्याच्याकडून अप्पांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धोतर नेसून, पटका बांधून ते एकटेच निघाले.

परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या हाताची बोटं सोलली होती. मायनं हळद लावताना विचारलं, तर म्हणाले, "खरडून बघितलं. थोडं निळं लागलं. मग चौकीदारानं धरलं." मग माझ्याकडं बघून, सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले, "तुझ्यापतुर पोचलो न्हाई, बाई." आणि मान खाली घालून रडले. पोराला अग्नी देतानासुद्धा त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं, असं अण्णाचे सोबती सांगत.

मी पुढं मास्तरीण झाले. गावोगावच्या शाळांत फिरले. अप्पा गेले, माय गेली. अण्णानं गावातल्या प्रत्येकाचं चित्र काढलं असेल, पण स्वतःचं कधी काढलं नाही, आणि फोटो आमच्यात कुणाचाच नव्हता. त्याचा आवाज मला अजून येतो, "थांब गं जरा" म्हणणारा. तोंड आठवायला गेले की तो पाठमोरा होतो, पिशवी घेऊन गोठ्याच्या कडेनं चाललेला.