बांगड्यांच्या मॅडमला भेटायला डब्लिनला

माझ्या प्रवासाच्या पोस्टखाली "पार्किंग मिळतं का?" छापाच्याच कमेंट येतात. ऑक्टोबरात मात्र एक इंग्रजीत आली: मॅडम, तुम्ही जिवंत आहात का? खाली नाव, आबेना.

आबेना घानातली माझी विद्यार्थिनी. लग्नाआधी दोन वर्षं मी तिथल्या मुलींच्या बोर्डिंग शाळेत फिजिक्स शिकवत होते. आता ती ओहायोतल्या डब्लिनला नर्स आहे, जॉर्जियातल्या आमच्या अल्फारेटापासून गाडीने नऊ तासांवर. मी लगेच कळवलं, जिवंत आहे, भेटायला येते. तिचं उत्तर आलं, "तसं तुम्ही मागेही म्हणाला होतात."

हे लागलं मला. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी सकाळी सातला गाडी काढली. मंदार, म्हणजे नवरा, कुरकुरला, "फ्लाइट घे ना यार, एकटी कशाला ड्राइव्ह करतेस?" पण माफी कशी मागायची ते ठरवायला मला नऊ तास हवेच होते.

जाणार असाल तर: पंचाहत्तर नंबरचा हायवे, टोल नाही, टेनेसीत टाकी भरून घ्या. खाणं घरचंच बरं, मी मेथीचे पराठे नेले. केंटकीच्या सीमेवरच्या डोंगरात धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे सोडून काही दिसेना. रेडिओही खरखरून बंद पडला.

घानात डिसेंबरात वाळवंटाकडून धूळ यायची नि शाळा अशीच नाहीशी व्हायची. पहाटे पाचला घंटा. मग न दिसणाऱ्या मुलींच्या झाडूंचा आवाज. लापशी, प्रार्थना, तास, आणि संध्याकाळी सगळ्यांनी वर्गात बसून करायचा सक्तीचा अभ्यास, त्याला 'प्रेप' म्हणत. मी व्हरांड्यातून फेऱ्या मारायची. हातात आईने दिलेल्या काचेच्या बांगड्या. माझ्याआधी त्या पोचायच्या, की कुजबुज बंद! सुटीत आबेनाला न्यायला कुणी यायचं नाही. मग ती माझ्याकडे वरणभात खायची आणि गणितं सोडवत बसायची.

बाबांना अटॅक आल्याचा फोन आला तेव्हा प्रेप चालू होता. आबेनाने माझी बॅग फाटकापर्यंत आणली. आता निघताना 'जाते' म्हणायला आपली जीभ रेटते का? तिथले लोकही उठताना "आय ॲम कमिंग" म्हणत. मला वाटायचं, वा, हे तर आपलंच 'येते'! तेच म्हणून मी टॅक्सीत बसले. बाबा गेले, मग लग्न, मग अमेरिका. शाळेला एक मेल टाकला. आबेनाला काहीच लिहिलं नाही.

चारला तिच्या दाराशी पोचले. बेल वाजवायच्या आधीच आतून लहान मुलीचा आवाज, "मम्मी, शी इज हिअर!"

आबेनाने दार उघडलं. "बांगड्या ऐकल्या तिने," ती म्हणाली.

माझ्या हातात फक्त घड्याळ होतं. बांगड्या घालायच्या सोडून कित्येक वर्षं झाली.

तिने जोलोफ, म्हणजे टोमॅटोतला तिखट भात, आणि तळलेली केळी केली होती. अप्रतिम. टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. "ती तुमचीच," ती म्हणाली.

"मॅडम, आमच्याकडे 'आय ॲम कमिंग' म्हणजे थांब, पाच मिनिटांत आले. मी फाटकाशी थांबले. जेवणाची घंटा झाली, तरी थांबले. मग महिन्याभराने प्रेपच्या वेळी व्हरांड्यात बांगड्या वाजायला लागल्या. मुली म्हणायच्या, मॅडम रस्त्यातच वारल्या, पण शब्द दिला म्हणून येतात. नव्या मुलींना अजून हेच सांगतात."

"आणि तू?"

"मला बरं वाटायचं. इथेही येतात. रोज सातला, लेकीच्या अभ्यासाच्या वेळी."

मी रडत रडत माफी मागितली. ती ताटं उचलायला लागली. सातला तिच्या लेकीने वहीतून मान वर केली आणि पाय हलवायची थांबली. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकू आलं. पॅसेजमध्ये, सावकाश, माझ्याच चालीने. आणि मी तर खुर्चीत बसलेली!

मोटेलात डोळ्याला डोळा लागला नाही. (स्वच्छ आहे, ब्रेकफास्ट फुकट.) सकाळी निरोप घ्यायला गेले तर आबेनाने हात घट्ट धरला. "मॅडम, आता काय म्हणणार?"

असं आयुष्यात कुणाला म्हटलं नव्हतं मी. "आय ॲम गोइंग, आबेना. जाते मी."

तिने डोळे मिटले. "थँक यू, मॅडम," म्हणाली आणि हात सोडला.

परत येताना धुकं नव्हतं. सहाला घरी. पोस्ट वाचून कुणाला जुन्या विद्यार्थ्याला भेटावंसं वाटलं तर जरूर जा, फक्त निघताना जपून बोला. सातला आबेनाचा मेसेज आला: आज कुणीच आलं नाही. लेक रडली. मला झोप येतेय.

सुटली बिचारी, म्हणून मी हुश्श केलं आणि सिंकपाशी पराठ्यांचा डबा घासायला घेतला.

बाहेरच्या खोलीतून मंदारने विचारलं, "अगं, आज बांगड्या घातल्यास वाटतं? मघापासून पॅसेजमध्ये काय फेऱ्या मारतेयस?"