डाव्या फाट्यावरची तार

जखमी हरीण चढ चढत नाही. ते उताराला लागते आणि शेवटी पाण्याजवळ जाऊन पडते. शशिधर मोहोड हे इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या रानात, गुडघाभर चिखलात शिकला.

शशिधर मूळचा नागपूरचा. ब्रिस्टलमध्ये विमानाच्या पंखांवर किती ताण पडतो, याचे गणित करण्याची नोकरी त्याला आहे. हिवाळ्यातले शनिवार तो एका जमीनमालकासाठी हरिणी मारण्यात घालवतो. तिथे हरणे फार वाढली आहेत, कोवळी झाडे उरत नाहीत. म्हणून परवाना, रायफल आणि ठरलेला हंगाम. रविवारी तो त्याच भागातल्या चिखलाच्या वाटांवर मोटरसायकल चालवतो. दोन्ही दिवशी त्याच्याजवळ एकच वस्तू असते : मुठीत मावणारे, रबरी कडांचे जीपीएस. शनिवारी गळ्यात, रविवारी हँडलवर.

गोळी झाडली की तो आधी स्वतःच्या उभ्या जागेची खूण यंत्रात करतो. मग जनावर जिथे होते तिथे जाऊन दुसरी. पुढे रक्ताच्या प्रत्येक थेंबाला एक. खुणा जोडल्या की स्क्रीनवर रेघ तयार होते आणि जनावर कुठे निघाले आहे ते कळते. पण घाई करायची नाही. पाठलाग नसेल तर जखमी हरीण थोड्याच अंतरावर बसते. मागे पाऊल वाजले की उठते, आणि जीव जाईपर्यंत चालत राहते. मागच्या वर्षी जबडा उडालेल्या एका हरिणीच्या मागे तो असाच घाईने गेला. सापडली तेव्हा तिने ओढ्याचा अख्खा काठ तुडवून लाल केला होता. तिच्या मानेवर गुडघा रोवून त्याला सुरी चालवावी लागली. त्यानंतर तो थांबायला शिकला.

रविवारी सोबत दोघे असत. देविका मूळची पुण्याची, एका बँकेत ऑडिटर. रघुवीर देवतळे शशिधरचा कॉलेजपासूनचा मित्र, मँचेस्टरहून बदली होऊन आलेला. या वाटांवर मोटरसायकल चालवणाऱ्यांची एक जुनी पद्धत आहे. फाटा आला की पुढचा माणूस हाताने दिशा दाखवतो, त्याच्या मागचा तिथेच गाडी थांबवतो, आणि सगळ्यात शेवटचा येऊन पुढे गेल्याशिवाय जागा सोडत नाही. तिघांनीही जीपीएस घेतल्यावर ही पद्धत शशिधरनेच बंद केली.

"स्क्रीनवर दिसतंय ना सगळ्यांना? मग थंडीत कशाला कुडकुडत उभं राहायचं?"

देविकाला ते पटले नव्हते. "रघूने अजून मॅन्युअलही उघडलेलं नाहीये, बरं का."

"मॅन्युअल तुमच्यासारख्या पुणेकरांसाठी असतं," रघुवीर म्हणाला. "आम्हाला बाण पुरे."

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी त्याच्याकडे खरोखरच फक्त बाण होता. यंत्रात वाट न भरता त्याने शेवटचे ठिकाण, म्हणजे दुपारच्या जेवणाचा पब, तेवढे भरले होते. असा बाण रस्ता दाखवत नाही. ठिकाण ज्या दिशेला आहे तिकडे तो सरळ बोट दाखवतो. जंगलातल्या फाट्यावर शशिधर आणि देविका उजवीकडे वळले. रघुवीर मागे पडला होता. तो फाट्यावर आला तेव्हा तिथे कोणी नव्हते आणि बाण डावीकडे होता.

डावी वाटही कायद्याने गाड्यांना खुली होती. पण तिथे मोटरसायकली गेलेल्या कुणाला तरी नको होत्या. दोन झाडांच्या मध्ये कुंपणाची तार माणसाच्या गळ्याच्या उंचीवर ताणलेली होती.

तो येत नाही हे लक्षात आल्यावर दोघे परत फिरले. फाट्यावरच्या चिखलात त्याच्या टायरची रेघ डावीकडे गेली होती. थोडे पुढे मोटरसायकल आडवी पडली होती, दिवा चालू. बाजूला हेल्मेट, त्याच्या हनुवटीच्या पट्टीत तारेने खोल खाच पाडलेली. तार आधी तिथे आपटली होती आणि मग खाली घसरली होती. वाळलेल्या पानांवर रक्ताचे शिंतोडे होते. रघुवीर नव्हता.

मोबाइलला रेंज नव्हती. शशिधरने हँडलवरचे यंत्र काढून गळ्यात अडकवले आणि जागेचे आकडे देविकाला वाचून दाखवले, तिने ते आपल्या यंत्रात भरले. "वर डोंगरावर जा. रेंज आली की नाइन नाइन नाइनला फोन लाव. हेलिकॉप्टर माग. गळा कापलाय म्हणून सांग."

"आणि तू?"

"मी त्याला आणतो."

ती गेली आणि पलीकडच्या झाडामागून एक माणूस बाहेर आला. साठीचा, हातात पक्कड, कमरेला हातोडा. तो तार सोडवायला आला होता.

"इथून जायला कोणी सांगितलं होतं?" तो इंग्रजीत म्हणाला.

शशिधर त्याच्या दिशेने गेला. माणसाने हातोडा फिरवला. डोके वाचवायला वर केलेल्या डाव्या मनगटाचे हाड मोडले. आवाज शशिधरला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. उजव्या हातातले स्वतःचे हेल्मेट त्याने त्या तोंडावर हाणले. मग पुन्हा. माणूस गुडघ्यावर आला, दातांसकट रक्त थुंकला. तिसऱ्या फटक्यासाठी हात वर गेला होता.

त्याच वेळी त्याची नजर वाटेच्या कडेला गेली. नेच्याच्या पानावर ताजे रक्त होते. त्यापुढे उतारावर आणखी एक ठिपका.

त्याने हात खाली घेतला, हातोडा काट्यांत भिरकावला आणि त्या माणसाला तिथेच सोडून तो उतरू लागला.

खूण. खूण. झाडाच्या खोडावर तळहाताचा लाल ठसा. खूण. स्क्रीनवर रेघ उमटली, ओढ्याकडे. खाली झुडपे मोडल्याचा आवाज आला. शशिधर धावला तसा आवाज पुढे सरकला. तो पुन्हा धावला. आवाज आणखी पुढे. मग तो थबकला. रघुवीरला वाटत होते की तार लावणारा मागे लागला आहे.

शशिधर जिथे होता तिथेच चिखलात बसला आणि नेहमीच्या आवाजात मराठीत बोलू लागला.

"रघ्या, मी आहे बे. गाडीचा लाइट चालू ठेवून आलास. बॅटरी उतरली की ढकलणार कोण? मी नाही ढकलत." त्याने मोडका हात मांडीवर घेतला. "बस तिथंच. मी पण बसलोय. आज पबचं बिल तूच देणार, पळून जायचं कारण नाही."

झुडपांचा आवाज थांबला. बऱ्याच वेळाने ओढ्याकडून दगडावर दगड आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग दोनदा.

रघुवीर पाण्यात पाय टाकून बसला होता. गळ्याची चामडी ओठासारखी उघडली होती. श्वास तोंडातून नव्हे, त्या भेगेतून येत होता; प्रत्येक श्वासाला लाल बुडबुडे. शशिधरने त्याला पुढे वाकवून बसवले, म्हणजे रक्त आत उतरणार नाही. चांगल्या हाताने भेगेच्या कडा, हवेला वाट ठेवून, दाबून धरल्या. आपल्या यंत्रातली शेवटची खूण वर कोणाला कळवायची सोय नव्हती. देविका मदतपथकाला घेऊन तारेपाशी आली आणि तिथून रक्ताच्या थेंबांवरून खाली उतरली. तोपर्यंत शशिधरची बोटे त्याच जागी होती.

रघुवीर वाचला. श्वासनलिका शिवली, आवाज मात्र खरखरीत झाला तो कायमचा. दात पडलेला माणूस दुसऱ्याच दिवशी सापडला. खटला अजून चालू आहे. तुम्ही त्याला किती वेळा मारले, असे पोलिसांनी शशिधरलाही विचारले. त्याने दोनदा म्हणून सांगितले.

मनगटात प्लेट बसली, हंगाम बुडाला. शरद ऋतूत तिघे पुन्हा त्याच रानात गेले. पहिल्या फाट्यावर शशिधरने गाडी बंद केली, स्टँड लावला आणि देविकाला पुढे जायची खूण केली. पाऊस लागला होता. रघुवीर नेहमीप्रमाणे मागे होता.

तो आला, हेल्मेटची काच वर केली आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "आता काय सिग्नलचा खांब झालास का बे?"

"उजवीकडे," शशिधर म्हणाला आणि रघुवीर वळेपर्यंत हात तसाच धरून उभा राहिला.