तांब्या, फुलपात्र, पळी

मला इंग्रजीची भीती कधीच वाटली नाही. भीती वाटायची ती सासूबाईंच्या विळीची. विळी चालू असेपर्यंत ठीक असायचं. ती थांबली की संपलं. सासूबाई ओरडत नसत, हातातलं काम थांबवून नुसत्या बघत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. लग्न होऊन मी पुणतांब्याला आले तेव्हा माझी जेमतेम मराठी चौथी झालेली. हे पुण्याला कॉलेजात होते. त्यांना बायको अगदीच अडाणी नको, म्हणून मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुपारी मला इंग्रजी शिकवायला घेतलं. ते मराठी शाळेतले मास्तर. एकापेक्षा दुसरं मोठं, लहान, चांगलं कसं म्हणायचं हा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं आणि देवघरातली भांडी पुढे मांडली. तांब्या 'स्मॉल'. फुलपात्र त्याहून लहान म्हणून 'स्मॉलर'. पळी सगळ्यांत लहान, ती 'स्मॉलेस्ट'. गाय हळू चालते, म्हैस त्याहून हळू, म्हणजे 'मोअर स्लोली'. 'गुड'चं एकदम 'बेटर' कसं होतं ते मात्र विचारायचं नाही, पाठ करायचं. भांडी आणि गुरं रुसत नाहीत, त्यामुळे मला तो धडा फार आवडला.

सासूबाईंना हे थेर पसंत नव्हते. त्यातच पितृपक्षात मामंजींचे थोरले भाऊ नगरहून आले. ते तिथे हेडमास्तर होते. त्यांनी सांगितलं, "सूनबाईची परीक्षा घेतो. उत्तरं आली तर माझ्याकडे नगरला राहील, मुलींच्या शाळेत जाईल." मला रात्रभर झोप आली नाही. मला जायचं होतं. इतकं मोठं काही मी आयुष्यात कधी मागितलं नव्हतं आणि तेही तोंडाने मागायची सोय नव्हती. सकाळी दळताना सासूबाई एवढंच म्हणाल्या, "अडखळलीस तर पुस्तक माळ्यावर. मग ते खाली यायचं नाही."

जेवणं उरकल्यावर पुरुषमंडळी ओसरीवर बसली. मी माजघरात, दाराआड, डोक्यावर पदर घेऊन उभी. माझ्यासमोर सासूबाई संध्याकाळचे दोडके चिरत होत्या आणि थोरल्या जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मी मनात तांब्या, फुलपात्र, पळी घोकत होते.

"सांग," ओसरीवरून आवाज आला, "तुझी सासू आणि तुझी जाऊ, यांत जास्त उंच कोण? इंग्रजीत."

विळी थांबली.

जाऊबाई चांगल्या वीतभर जास्त उंच होत्या, आंधळ्यालाही दिसलं असतं. पण आमच्या घरात सासूबाईंपेक्षा कोणी काही जास्त असायची रीत नव्हती. खरं सांगावं तर घरात राहणं कठीण, खोटं सांगावं तर नगर गेलं. इकडे आड, तिकडे विहीर. सासूबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "आय ॲम शॉर्टर दॅन बोथ."

"तुला नाही विचारलं. बरं, स्वयंपाक जास्त चांगला कोण करतं?"

"आय कुक वर्स्ट."

"काम जास्त झटपट कोण करतं?"

"आय वर्क मोस्ट स्लोली."

बाहेर कुणीतरी हसलं. थोरले मामंजी वैतागले. "माणसं राहू देत. गोदावरी आणि प्रवरा, मोठी कोण?"

लहान मूलही सांगेल. पण माझं डोकं तोवर जागेवर राहिलं नव्हतं. गोदावरी म्हणजे आमची गंगा; तीही बाईच, तीही वडीलधारी. प्रवरेला तिच्याशेजारी उभं करायचा मला धीर झाला नाही. मी म्हणाले, "आय ॲम स्मॉलर दॅन गोदावरी."

ओसरी खो खो हसली. मला रडू फुटलं. पुस्तक माळ्यावर, अडगळीत, जुन्या सुपांखाली गेलेलं मला दिसायलाही लागलं.

तेवढ्यात सासूबाईंनी विचारलं, "काय काय म्हणाली ती?"

मामंजी दाराशी आले. तेही जरा चाचरत होते. "म्हणते, मी तुम्हा दोघींपेक्षा ठेंगणी. माझा स्वयंपाक सगळ्यांत वाईट. काम सगळ्यांत हळू. आणि गंगेपेक्षाही मीच लहान."

सासूबाई हसल्या नाहीत. अर्धा दोडका हातात धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी खाली बघितलं. आता बोलतील, मग बोलतील.

आपल्या या थोरल्या दिरांशी सासूबाई कधी थेट बोलत नसत. काही सांगायचं तर मामंजींना सांगत, ते पुढे सांगत. त्या दिवशी त्यांनी बसल्या जागेवरूनच ओसरीकडे तोंड केलं.

"भावोजी, एवढं तर आम्हा सगळ्याजणींना सासरी पाऊल टाकल्या दिवशीच येतं. त्याला इंग्रजी कशाला हवं? तिला नगरला न्या आणि दुसरं काहीतरी शिकवा."

विळी पुन्हा सुरू झाली.