अंगठ्याखालचं द्राक्ष

नळवाल्या काकांची पकड गल्लीभर प्रसिद्ध होती. त्यांनी आवळलेला नळ कधी गळत नसे. मात्र तो पुन्हा उघडायचा झाला, तर त्यांनाच बोलवावं लागे. छप्पन्न वर्षांचे, ठेंगणे, मनगटं लाकडाच्या ओंडक्यासारखी. अशा माणसाच्या बैठकीच्या खोलीत डबल बेस उभा असे, म्हणजे व्हायोलिनच्या कुळातला थोरला आजोबा, काकांपेक्षा हातभर उंच. काकू त्याला सवत म्हणत. "सोफा सरकवा म्हटलं तर कंबर धरते, आणि सवतीला कडेवर घेऊन तीन जिने उतरतात!"

दर शनिवारी दुपारी शाळेच्या व्यायामशाळेत हौशी वाद्यवृंदाची तालीम असे. तिथे एकोणीस वर्षं काका मागच्या रांगेत उभे राहून जाड स्वर धरत आले होते. ताल कधी चुकला नाही आणि कौतुकही कधी झालं नाही. दोन्हींची त्यांना सवय झाली होती.

मग नवीन संचालिका आल्या. त्यांनी निवडलेल्या रचनेत मधेच सगळी वाद्यं थांबत आणि अर्धा मिनिट एकटा डबल बेस गात असे. काकांनी वाजवून दाखवलं. संचालिका म्हणाल्या, "स्वर अगदी जागच्या जागी आहेत, काका. पण सरळसोट, पाइपासारखे. थोडा व्हायब्रेटो हवा."

व्हायब्रेटो म्हणजे काय ते काकांना माहीत होतं. तारेवर दाबलेलं बोट हलकेच झुलवायचं, की स्वर किंचित उतरतो, परत येतो आणि माणसाच्या गळ्यासारखा जिवंत होतो. त्यांनी दात-ओठ खाऊन हात हलवला. स्वर ढिम्म हलला नाही, अख्खं वाद्य मात्र गदगदा हललं आणि समोरचा स्वरलिपीचा स्टँड कागदांसकट आडवा झाला. बासरीवाली हसू दाबता दाबता ठसकली. काकाही हसले, पण ते हसणं घरापर्यंत त्यांना बोचत राहिलं.

गल्लीच्या टोकाला ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्या राहत. उमेदीची तीस वर्षं त्यांनी मोठ्या वाद्यवृंदात हेच वाद्य वाजवलं होतं. आता खांदा उचलला जात नव्हता. दाराची घंटा त्यांना ऐकू येत नसे, पण जाड आवाज अजून स्वच्छ कळत. म्हणून काकांनी दार मुठीने बडवलं.

"नळवाला नाही बोलावला मी," बाई म्हणाल्या.

"नळासाठी नाही आलो, बाई. शिकायला आलोय."

बाईंनी त्यांना आतल्या खोलीत नेलं, आपल्या जुन्या डबल बेसवर वाजवायला लावलं आणि डोळे मिटून ऐकलं. मग उठून काकांचा डावा अंगठा पाहिला. वाद्याच्या मानेमागे तो असा रुतला होता, की नख पांढरं पडलं होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, एक पिकलेलं द्राक्ष घेऊन आल्या आणि अंगठा व मान यांच्यामध्ये ठेवलं. "आता वाजवा. हे फुटता कामा नये."

पहिल्याच स्वराला ते फचकन फुटलं आणि रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. "अरे, मान आवळायला ती काय तुझी वैरीण आहे का?" बाई कडाडल्या. अहो-जाहो तिथेच संपलं.

दर गुरुवारी संध्याकाळी काका जाऊ लागले. बाईंनी महिनाभर ती अर्ध्या मिनिटाची धून वाजवूच दिली नाही. अंगठा मोकळा सोडायचा, बोट तारेवर नुसतं टेकवायचं आणि वीतभर वर, वीतभर खाली घसरवायचं. "हालचाल कोपरातून येऊ दे. बोटाने काही करायचं नाही, त्याने नुसतं बसून राहायचं." मग वीत कमी करत चार बोटं, दोन बोटं, शेवटी बोट जागेवर आणि हात मात्र अजून डोलतोय. तालासाठी टेबलावर ठेवलेल्या लंबकाच्या एका टोल्याला दोन हेलकावे, मग तीन, मग चार. पाचवा आला की काका घाई करत आणि द्राक्ष फुटे.

"वाद्य शिकायला जाता की सरबत काढायला?" शर्टाच्या बाह्या धुता धुता काकू विचारत. काकांचा हात मात्र कुठेही चालू होई. दाराच्या चौकटीवर, दुरुस्तीला गेलेल्या घरातल्या पाइपांवर. एकदा दुपारी झोपेत त्यांनी काकूंच्या दंडावर तोच सराव सुरू केला. काकूंनी हात काढून घेतला नाही. पण चहाच्या वेळी म्हणाल्या, "तिसऱ्या बोटाचा जरा जोर पडतोय हं."

सातव्या आठवड्यात काकांनी धून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. थांबल्यावर त्यांनाच नवल वाटलं, हात दुखत नव्हता. बाईंनी अंगठ्याखालून द्राक्ष काढलं, उजेडात धरून निरखलं आणि तोंडात टाकलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. द्राक्ष की वादन, हे विचारायची काकांची छाती झाली नाही.

कार्यक्रम रविवारी दुपारी झाला. काकूंनी बाईंना हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. सगळी वाद्यं थांबली, आणि काकांचा पहिला स्वर जरा भीतभीतच निघाला. दुसरा खुलला. तिसऱ्यापासून व्यायामशाळेतल्या खुर्च्यांची करकर थांबली. जाड, उबदार स्वर झुलत झुलत पुढे आला, जणू कोणी पोक्त माणूस मनातलं काही सावकाश सांगतोय. शेवटी अंगठा पुन्हा रुतला आणि अखेरचा स्वर सरळसोट निघाला, पण बासरीवालीने पाय आपटून दाद दिली ती दिलीच.

बाहेर आल्यावर काकू बराच वेळ त्या भल्यामोठ्या वाद्याकडे पाहत राहिल्या. "हा आवाज इतकी वर्षं यातच होता होय?" असं म्हणून पहिल्यांदाच त्यांनी त्याची एक बाजू स्वतःहून उचलायला घेतली.

बाई काठी टेकत जवळ आल्या. काका शेवटच्या स्वराबद्दल काही बोलणार, तोच बाईंनी त्यांचा डावा हात उलटसुलट करून पाहिला आणि सगळ्यात लहान बोट चिमटीत धरलं. "ही करंगळी अजून नुसती पाहुणी आहे. गुरुवारी हिच्यापासून सुरू करू. आणि दार जरा जोरात वाजव."